सेंदराखालची माय

पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावच्या देवीवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेंदराचा जाड थर होता. त्यात बसवलेले पितळी डोळे असे वटारलेले, की नवी सून असताना मी बावळट चोरून खाल्लेल्या बोरांचीसुद्धा तिला कबुली देत असे.

मागच्या उन्हाळ्यात जुन्या मूर्ती साफ करणारी एक बाई आली. ओढणी कमरेला खोचून ती बांबूच्या काडीने सेंदूर सोडवू लागली, तशा आम्ही सगळ्या भांडायला गेलो. देवी कोपली तर गावाचं काय?

"काऊन वं बाई, आमच्या मायले उघडी पाडून राह्यली?" शेजारीण कडाडली.

त्या बाईने वळूनही पाहिलं नाही. ती देवीशीच बोलत होती, "डोळे मीट माय, कचरा जाईल. झालंच आता."

लेकराला न्हाऊ घालताना बोलावं तसं. आमचं भांडण तिथंच विरलं.

संध्याकाळी पितळी डोळ्यांसकट शेवटचा थर गळला. खाली मूर्तीचे मिटलेले डोळे आणि ओठांवर हसू! बोरांची कबुली देणाऱ्या त्या घाबरट सुनेला मला टपलीच मारावीशी वाटली.

"आता सेंदूर कुठी लावाचा?" शेजारणीने विचारलं.

"पायाशी लावा. तोंडाला वारा लागू द्या तिच्या."

शेजारणीने पायाला बोट टेकवलं, भीत भीत वर पाहिलं, आणि तीही हसली.