टाचण माझ्या अक्षरात होतं

नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता आणि इन्स्पेक्टरसाहेबांचा टांगा शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला होता.

"पगारे मास्तर, ओढा!" मिस हार्लो ओरडल्या.

मी नळीला तोंड लावून जोरात ओढलं. मिशन दवाखान्यातून मागून आणलेली एनिमाची रबरी नळी ती. शाईचं निळं पाणी थेट माझ्या तोंडात आलं. सातवीच्या मुली हसून हसून लोळायच्याच काय त्या बाकी राहिल्या.

पोलीस ॲक्शननंतरची ही गोष्ट. छावणीतल्या आमच्या मिशन शाळेत तोवर उर्दूतून शिकवत. आता मराठी आली होती. मिस हार्लो विलायतेहून आलेल्या. दहा वर्षं खपून उर्दू शिकल्या आणि आता पुन्हा अ-आ-ईपासून सुरुवात. पहाटे प्रार्थना, मग व्हरांड्यात माझ्याकडे मराठी, मग सायकलवरून शाळा, हा त्यांचा रोजचा क्रम. त्या दिवशी साहेबांसमोर मराठीतून पाठ घ्यायचा होता. जमला तर वर्ग त्यांच्याकडे राहणार. नाही तर शिकवणं बंद, आणि मिशन त्यांना मायदेशी बोलावणार. मी टेंपररी. माझं कायम होणंही साहेबांच्याच हातात होतं.

पाठाचा विषय शेवंतानं दिला होता. शहराबाहेरच्या हर्सूलच्या मेंढपाळाची ही पोरगी. जुनी नहर, म्हणजे शहराला पाणी आणणारा भुयारी नळमार्ग, तिकडूनच येते. तिनं एकदा विचारलं, "बाई, नहरीचं पानी आमच्याकडून जमिनीखालून येतंय. मंग शहरातल्या त्या उंच खांबात वर कसं चढतंय? कोन ढकलतं त्याला?"

मिसनी त्यावर अख्खा पाठ बांधला. पाठाआधी शिक्षकानं काय शिकवणार, काय विचारणार ते वहीत लिहायचं असतं. त्याला टाचण म्हणतात. मिसना देवनागरी भराभर लिहिता येत नसे. अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. एकेक प्रश्न त्यांचा. अक्षर तेवढं माझं.

साहेब बसले. स्टुलावर निळ्या पाण्याची बादली. तिथून नळी खाली जमिनीवर, आणि पुढं काठीला बांधलेल्या काचेच्या नळीत वर. हीच आमची नहर.

"सांगा, पाणी किती चढेल?" मिसनी विचारलं.

"गुडघ्याइतकं!" "नाय बाई, चढायचंच नाय!"

मिसनी नळीला लावलेला चिमटा सोडला. पाणी सरसर वर निघालं. मुली बाकांवर चढल्या. बादलीच्या पातळीला येऊन पाणी थांबलं.

"बाई, कुनीच ढकललं नाय!" शेवंता किंचाळली. "हर्सूल उंच हाय म्हनून चढलं! व्हय ना?"

"व्हय!" मिसही तेवढ्याच जोरात ओरडल्या. साहेबांना राहवेना. त्यांनी उठून स्वतः बादली खाली घेतली. काचेतलं पाणीही खाली आलं. साहेब लहान मुलासारखे हसले.

मग त्यांनी टाचण उघडलं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं, साहेब."

"म्हणजे पाठ तुमचा. बाईंनी पाठांतर करून म्हटला." त्यांनी माझ्या निळ्या ओठांकडं पाहिलं. "प्रयोगाची तयारीही तुमचीच दिसते!"

मिस माझ्याकडं पाहत होत्या. 'मी फक्त लिहून घेतलं', एवढंच म्हणायचं होतं.

"होय साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: पगारे यांचा पाठ उत्कृष्ट. बाई स्वतंत्रपणे मराठीतून शिकवण्यास असमर्थ.

संध्याकाळी मी त्यांच्या व्हरांड्यात गेलो. "तुम्ही का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही खोटे ठरला असता, मास्तर. नोकरी गेली असती." त्यांनी धुऊन गुंडाळलेली नळी माझ्या हातात दिली. "मुलींना समजलं ना? बस."

उन्हाळ्यात त्या बोटीनं गेल्या. मी कायम झालो, सातवी मला मिळाली. तीस वर्षं मी तोच पाठ घेतला, आणि दर वर्षी मुली तशाच बाकांवर चढल्या.

परवा शाळेची स्मरणिका आली. त्यात 'पगारे सरांचा नहरीचा पाठ' असा लेख आहे, माझ्या फोटोसकट. म्हणून हे लिहायला बसलो.

नव्या शिक्षकांना एकच सांगतो. दुसऱ्याचं टाचण लिहून दिलंत, तर खाली सांगणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव वेगवेगळं टाका. ती एक ओळ माझ्याकडून राहून गेली होती.

पाठ सांगणाऱ्या: मिस हार्लो. लिहिणारा: पगारे.