अनट्राइडची वाक्यं

इंग्रजीच्या क्लासला त्या आठवड्याचं विशेषण होतं ‘अनट्राइड’. जे अजून वापरून, कसाला लावून पाहिलेलं नाही असं. पेणच्या बाजारात एका चपलांच्या दुकानाच्या माळ्यावर हा क्लास चाले. सर कुवेतच्या लढाईत नोकरी गमावून गावी परतलेले. तिकडे ऑफिसात इतकी वर्षं इंग्रजी बोलले होते की व्याकरणाचं पुस्तक त्यांना बघवत नसे. आठवड्याला एक शब्द द्यायचे आणि सांगायचे, वाक्य घरातलं आणा, पुस्तकातलं आणलंत तर जिना उतरा.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झालेली, कासूजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात रिकामी बसलेली. बसलेली कसली, येरझारा घालणारी. रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबसाठी अर्ज टाकला होता आणि बोलावण्याची वाट बघून जीव नुसता आंबला होता. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला एका जागी बसवील त्याला मी नारळ देईन. त्यात हा शब्द हाती लागला आणि दिसेल त्याला तो चिकटवायचं मला वेडच लागलं. नवी कढई अनट्राइड. शेजाऱ्यांनी आणलेला बैल अनट्राइड. नव्याने घरात आलेल्या वहिनीने पहिल्यांदा जिताड्याचं कालवण केलं, तेव्हा ताटावर बसून मी मोठ्याने म्हटलं, “वहिनीज करी इज अनट्राइड.” अर्थ कळल्यावर तिने मला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

सरांना ही वाक्यं आवडली नाहीत. ते म्हणाले, शब्द बरोबर बसलाय, पण कढई गळकी निघाली तर तुझं काय जातं? जे फसलं तर तुझं काहीतरी जाईल असं वाक्य आण. मला राग आला. माझं काय जाणार होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते माळ्यावर सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं.

त्याच सुमाराला खाडीचं पाणी अडवणाऱ्या आमच्या बांधाला खांड पडली, म्हणजे उधाणाने तो एका जागी फुटला. खारं पाणी शेतात शिरून मुरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा. ओहोटीच्या वेळेत हातोहात चिखलाचे गोळे देत सगळ्या गावाने खांड भरली. काम बाबांनी अंगावर घेतलं होतं. दगड कुठे, चिखल कुठे, पेंढा कुठे, शब्द त्यांचा. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याने खांड बांधली त्याने पुढच्या मोठ्या उधाणाला तिच्यावर उभं राहायचं. बसायचं नाही, झाडाखाली जायचं नाही. पाणी चढून उतरेपर्यंत तिथेच.

अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. मी बाबांचं जेवण घेऊन गेले. बांधाच्या एका अंगाला खाडी टरारून फुगलेली, दुसऱ्या अंगाला खाली आमची नुकती लावलेली रोपं, आणि मधे बाबा, बनियनवर, हात मागे बांधून. मला ते बघवेना. तुमच्या उभं राहण्याने बांध थोडाच टिकणार आहे, असं मी वैतागून म्हटलं.

“नाय टिकत,” बाबा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले. “पन बांदला कोनी? मंग फुटला तर त्यानंच बगायला नको?”

बांध टिकला. पुढच्या क्लासला मी उठून सांगितलं, “अवर बांध वॉज अनट्राइड. माय फादर स्टुड ऑन इट.” बांधाला इंग्रजी शब्द आहे, असं काही सर म्हणाले नाहीत. नुसते हसले आणि बस म्हणाले.

मग रोह्याचं बोलावणं आलं. तिथल्या साहेबांनी चार प्रश्न विचारले आणि फाइल मिटली. म्हणाले, मुली येतात, शिफ्टला कंटाळतात, लग्न ठरतं, जातात. महिनाभर बघू, जमलं तर ठेवू. म्हणजे सगळीकडे चिकटवत फिरलेला शब्द आता माझ्याच कपाळी आला. आमच्या गावातली एकही मुलगी तोवर कंपनीत गेली नव्हती. मी महिन्याने परत आले असते तर माझं हसं झालंच असतं, पण माझ्यामागच्या पोरींचीही वाट बंद झाली असती. आई नाही म्हणत होती. बाबा जेवता जेवता म्हणाले, जाऊ दे तिला.

पहिल्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून तयार. मला वाटलं, स्टेशनपर्यंत सोडतील. पण ते माझ्याबरोबर गाडीत चढले, रोह्याला उतरून कंपनीच्या फाटकापर्यंत आले. आता जा, म्हटलं, तर मान हलवली.

लॅबची खिडकी फाटकाकडे होती. बऱ्याच वेळाने सहज बाहेर बघितलं, तर बाबा रस्त्यापलीकडे भिंतीशी उभे. वॉचमन स्टूल देत होता, ते नको म्हणत होते. हे कोण, असं शेजारच्या टेबलावरून कोणी विचारलं. माझे वडील, असं सांगताना माझे कान तापले. मी काय बालवाडीत आलेय का? जेवणाच्या सुट्टीत तरातरा बाहेर गेले आणि म्हटलं, घरी जा नाहीतर निदान बसा तरी. बाबांनी जेवलीस का विचारलं आणि पुन्हा इमारतीकडे बघायला लागले. हात मागे बांधलेले. उधाणाच्या पाण्याकडे बघत होते तसेच.

मी आत गेले. त्यानंतर सगळं नीट झालं असं लिहायला बरं वाटेल, पण नाही झालं. एक चंबू फुटला, साहेबांनी सगळ्यांदेखत झापलं, डोळे भरून आले. तरी समोरचे सगळे नमुने तपासूनच उठले.

संध्याकाळी बाहेर आले तेव्हा बाबांचे पाय सुजले होते. त्यांनी फक्त विचारलं, “पानी चढलं?”

“चढलं होतं.”

“मंग?”

“उतरलं.”

गाडीत बसल्यावर त्यांनी पाय पसरले आणि डोळे मिटले. नागोठणं गेलं तरी मला चैन पडेना. उद्या ते यावेत असंही वाटत होतं आणि येऊ नयेत असंही. शेवटी विचारलंच.

“नाय,” बाबा म्हणाले. “खांडीवर एकदाच उभं राह्यचं आसतं गो.”

दुसऱ्या दिवशी मी कासूला एकटीच गाडीत चढले. लॅबच्या खिडकीतून दिवसभरात कितीदा तरी मी त्या भिंतीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.