पडीक फडाविषयी

मंडळी, बागलाणातल्या आमच्या गावाची बागायत चार फडांत विभागलेली आहे. रिवाज असा की दरसाल एक फड पाण्याविना पडीक ठेवावा. तीन वर्षांपूर्वी साखरेचा कारखाना निघाला, तेव्हा पाणी असताना जमीन पडीक ठेवणे तर्कविसंगत आहे, असे मी चावडीवर सिद्ध केले. कोणालाही ते खोडता आले नाही. चारही फडांत ऊस लागला.

आज सकाळी पाटाचे पाणी वाटणाऱ्या सुपडूने मला त्याच्या सखल वावरात नेले. ऊस मोडून यंदा पेरलेला गहू तिथे उगवलाच नाही. तीन वर्षे पाण्याचा खंड न पडल्याने खारावलेली पांढरी माती त्याने माझ्या तळहातावर ठेवली.

“आबा, तवा मला बोलता आलं नाय. आता तुमीच बोला.”

मी ती माती रुमालात बांधून घेतली.

ज्याला उत्तर देता येत नाही त्याचे म्हणणे चुकीचे, असे आपण कोणत्या आधारावर मानतो?