डॉक्टरीणबाईंना त्रास देऊ नका

सान बार्तोलोच्या ग्रामसभेने एपिफानियाबाईला, म्हणजे आमच्या मानाच्या बोलीत दोन्या एपिफानियाला, आरोग्य समितीची अध्यक्षीण केलं, ते काही तिच्या गुणांवर भाळून नव्हे. त्या दिवशी ती सभेला उशिरा पोचली, एवढाच तिचा अपराध. आमच्याकडे गावकीचं पद असंच गळ्यात पडतं. त्याला पगार नसतो आणि नको म्हणायची सोय नसते. पण एपिफानियाने ते पद असं काही मनावर घेतलं की गाव तिला टरकायला लागलं.

काम एकच होतं, डॉक्टर टिकवणं. डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींना सरकार शेवटचं एक वर्ष खेड्यापाड्यांत सेवेला धाडतं. गाव ज्याने त्याने निवडायचं आणि निवडायचा मान मार्कांप्रमाणे. वरचे नंबर शहराच्या कडेची गावं उचलतात, मधले हमरस्त्यावरची. वाहाका प्रांताच्या डोंगरात टांगलेलं आमचं गाव उरतं तळाच्यांना, आणि तेही नाकं मुरडतात. मागे एक पोरगा आला होता. साधी शिंक आली तरी लोकांनी त्याला झोपेतून उठवलं. एकाने तर गाढव दाखवायला आणलं. तो अर्ध्या वर्षातच बसमध्ये बसला आणि त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुढे बराच काळ दवाखान्याला कुलूप होतं आणि पायरीवर कोंबड्या.

म्हणून पुएब्ला शहरातून हिमेना नावाची नवी डॉक्टरीण आली, तेव्हा एपिफानियाने मनाशी ठरवलं, ही पोरगी खूश होऊन गेली पाहिजे. ती कॉलेजात जाऊन चांगलं बोलली तर पुढच्या वर्षी कुणीतरी आपण होऊन सान बार्तोलो निवडेल. विचारात खोट काढायला जागा नव्हती. त्या विचारापायी तिने जे केलं, त्यात मात्र होती.

दवाखान्याच्या दारात तिने बाक टाकला आणि सकाळपासून कणसं सोलत तिथे ठाण मांडलं. येईल त्याची चौकशी आधी तिच्यापाशी.

"काय झालं रे?"

"पोट दुखतंय, दोन्या."

"काल तुझ्या साडूकडे बाप्तिस्मा होता. किती ताटं झाली?"

"तीन."

"मग हे दुखणं नव्हे, ही हावरटपणाची परतफेड. घरी जाऊन पड. डॉक्टरीणबाईंना त्रास देऊ नकोस."

तिच्या मते कुणाची कंबर वयाने दुखत होती, कुणाला चक्कर नवऱ्याच्या कटकटीने येत होती, कुणाच्या पोराचा खोकला हवा बदलली की जाणार होता. आत सोडायचं ते अंघोळ केलेल्या, गोड बोलणाऱ्या आणि फारसं काही न झालेल्या माणसाला. खरं आजारी असलेले लोक मुकाट्याने बस धरून तालुक्याला जात आणि तिथल्या औषधवाल्याने दिलेल्या गोळ्या घेऊन परत येत.

आत हिमेना बसून बसून कंटाळली. आमच्या बाया चालता-बोलता ताडाच्या पात्यांची टोपली विणतात. ते तीही शिकली आणि पहिली टोपली वाकडी का होईना, पुरी झाली. जेवायला ती एपिफानियाकडेच असायची. काळ्या घेवड्याची उसळ, मक्याच्या भाकऱ्या, रविवारी कोंबडी. पोरीच्या अंगावर तेज आलं, पण डोळे लाल दिसायला लागले. ती फोनवर आईला सांगायची, "इथल्या लोकांना मी नकोच आहे. माझ्यावर कुणाचा भरवसाच बसत नाही." ते एपिफानियाला कुठून कळणार? लाल डोळे बघून तिने ताडलं, पोरगी कामाने थकली. दुसऱ्या दिवसापासून तिने आणखी निम्मे पेशंट परतवले आणि कोंबडी आठवड्यातून दोनदा केली.

आता घरातलं सांगायला हवं. एपिफानियाचा नवरा सिरीलो, अंगात साखर मुरलेला माणूस. त्याच्या उजव्या पायाला काट्याचं निमित्त झालं आणि जखम भरेचना. ती दिवसेंदिवस काळवंडत गेली.

"डॉक्टरीण रोज आपल्या घरी जेवते," तो म्हणाला. "भाकरी मोडता मोडता एक नजर टाकेल. तिचं काय जातंय?"

"मी गावाला दारातून परतवते आणि माझाच नवरा घरात बसून फुकट तपासून घेतो, असं लोकांना म्हणू देऊ?"

"लोक म्हणतीलच. पाय माझा आहे."

"पाय कुठे पळून जातोय? थोडे दिवस राहिलेत. जाता जाता दाखवू."

सिरीलो हसला. "ती जाता जाता, की मी?"

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. रोज संध्याकाळी मिठाच्या पाण्याने पाय धुताना जखम कालपेक्षा वाढली का, ते ती बोटाने मोजायची. पण गावाने जबाबदारी टाकली होती आणि ती पार पाडताना नवऱ्याला झुकतं माप दिलं असतं, तर तिला स्वतःची लाज वाटली असती. डॉक्टरीण जेवायला आली की सिरीलो आतल्या खोलीत पडून राही आणि एपिफानिया सांगे, "रानात गेलेत."

मग एके दिवशी तपासणीचे साहेब आले, डॉक्टर बारागान. कुठल्या गावाला डॉक्टर द्यायचा ते त्यांच्या हातात. एपिफानियाने टर्की कापली, मोले म्हणजे मिरच्यांचा घट्ट रस्सा, त्याचं वाटण वाटून वाटून तिचे हात भरून आले. साहेब जेवायला बसले, शेजारी हिमेना मान खाली घालून.

"मग दोन्या, आमची डॉक्टरीण कशी वाटली?"

या प्रश्नाची तिने वर्षभर वाट पाहिली होती. "सोन्यासारखी पोर, साहेब. आणि तिला इथे जराही त्रास नाही, विचारा हवं तर. आमच्या गावात कुणी आजारीच पडत नाही. महिना महिना दारात चिटपाखरू नसतं."

"तेच माझ्या कानावर आलं होतं," साहेब रस्सा पुसून घेत म्हणाले. "खरं सांगतो, ऐकून बरं वाटलं. तिकडे सान मातेओमध्ये लोक उन्हात रांगा लावून उभे असतात आणि त्यांना डॉक्टर नाही. पुढच्या वर्षापासून इथली जागा तिकडे हलवतो. निरोगी गावाला डॉक्टर कशाला?"

एपिफानियाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने हिमेनाकडे पाहिलं. ती मान वर न करता म्हणाली, "खूप प्रयत्न केला मी, साहेब. पण लोक माझ्याकडे येतच नाहीत."

"येतात," एपिफानिया म्हणाली. "मी परत पाठवते."

साहेबांना ती बाई जागा वाचवायला थापा मारते आहे असंच वाटलं असावं, कारण ते समजूतदार हसले. गावभर आजारी माणसं, पण या घटकेला दाखवायला एक हाताशी नव्हतं. खरं म्हणजे होतं. ती उठली आणि तिने आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

"सिरीलो, बाहेर या. पट्टी सोडा."

तो लंगडत आला, खुर्चीवर बसला आणि पट्टी सोडली. साहेबांनी ताट सारलं. हिमेना जमिनीवर बसली, तिने पाय हातात घेतला, बोटं एकेक दाबून पाहिली, आणि तिचा चेहरा डॉक्टरचा झाला. तो त्या घरात कुणी आजवर पाहिला नव्हता.

"याला आत्ता हॉस्पिटलात न्यायचं," ती म्हणाली. "साहेब, तुमची जीप."

सिरीलोला जीपमध्ये चढवल्यावर ती एपिफानियाकडे वळली. रागाने तिला धड बोलता येत नव्हतं. "वर्षभर मी तुमच्या घरी जेवले, दोन्या. हे भिंतीपलीकडे होते."

"तुम्ही टिकावं म्हणून, बाई."

"टिकून मी करायचं काय होतं?"

जीप निघाली. एपिफानिया मोलेने माखलेले हात न पुसता तशीच उभी राहिली. आपण काय करून बसलो ते तिला कळलं, आणि ते सांगायला घरात कुणी नव्हतं.

साहेबांनी तो पाय पाहिला होता, म्हणून जागा राहिली. दुसऱ्या दिवशी दारात एपिफानियाचा बाक नव्हता आणि दवाखान्यापुढे अशी रांग लागली की हिमेनाला जेवायलाही उसंत मिळेना. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा कळलं की आपल्या अंगातही साखर आहे. सिरीलोची तीन बोटं मात्र गेली.

पुढच्या ग्रामसभेत तो काठी टेकत आला. आमच्याकडे तेकिओ असतो, म्हणजे प्रत्येक घराने गावासाठी फुकट राबायचं, रस्ता असो की विहीर. सरपंच उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "डॉक्टर राहिला तो सिरीलोंमुळे. त्यांची बोटं तेकिओत धरावीत आणि त्यांना यंदाचं वर्षभर कामातून सूट द्यावी."

सगळ्यांनी हात वर केले.

"यंदाचंच?" सिरीलोने विचारलं. "म्हणजे पुढच्या वर्षी काय देऊ?"

सभा खो खो हसली. एपिफानियाचा हात तेवढा वरच राहिला होता. तो खाली घ्यायचं तिला सुचलंच नाही.