मोडक्या झावळीचं नाणं

"हात नका लावू काका! पॅटर्न कॉइन आहे. घामाने खराब होईल."

त्या नाण्यावर घाम आधीच गळला होता, आणि तो माझाच होता. पण शेठला ते कुठे ठाऊक?

नोटाबंदीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी डहाणूत डाय बनवतो. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. त्यात चित्र उलटं कोरायचं, धातूवर ते सुलटं उमटतं. रानशेतचे जगनमास्तर मला स्टेशनजवळच्या या दुकानात घेऊन आले होते. "एकदा बघा, मग सौदा करतो." मास्तरांच्या मांडीवर फडक्यात त्यांच्या आईचे चांदीचे तोडे. तोडे द्यायचे, नाणं घ्यायचं.

पॅटर्न कॉइन ही चीज खरी आहे. नवं नाणं पाडण्याआधी टांकसाळ थोडे नमुने काढून बघते. नापसंत ठरलेला एखादा नमुना बाहेर आला की संग्राहक वेडे होतात.

पण हा नमुना कुणाचा? एका बाजूला ताड, दुसरी कोरी. ताडाची डावीकडची तिसरी झावळी मोडकी. तिथे माझी कोरणी घसरली होती! झरीकडच्या एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी बिल्ल्याची ही पितळी ट्रायल. मागे कुणाचं नाव घालायचं यावर कमिटी भांडत बसली आणि तेवढ्यात महोत्सव उरकला. ट्रायल त्यांच्याकडेच राहिली.

"शेठ, हे मी केलंय."

"संस्थानी काळातलं आहे, काका. तुमचं वय किती?"

"सत्तेचाळीस. याचं चार."

"तुम्ही कारागीर माणूस. न्यूमिसमॅटिक्समधलं, नाणेशास्त्रातलं, तुम्हाला काय कळणार?"

माझ्या पोराचा बाप कोण, हे हा मला शिकवणार! डोकंच फिरलं. स्कूटर काढली, वर्कशॉपमधून डाय आणली आणि काउंटरवर आदळली. नाणं तिच्यात ठेवलं. मोडक्या झावळीसकट चपखल बसलं.

शेठने निरखून पाहिलं. लाजबीज काही नाही. उलट डोळे चमकले.

"वा! म्हणजे ओरिजिनल डायपण शिल्लक आहे! देता का?"

जगनमास्तर उठले. फडक्याला आणखी एक गाठ मारली. बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "आईला बोलू नका हां. ती दुपारची झोपते, तेवढ्यात पेटीत ठेवून देतो."

म्हणजे म्हातारीला पत्ताच नव्हता! मग मास्तरांनाही दोन शब्द सुनावले.

तेव्हापासून प्रत्येक ट्रायलवर मी छिन्नीने आडवा छेद देऊ लागलो. रद्द म्हणजे रद्द.

वर्षभरात शेठचा फोन. "काका, छेदवाले पीस आहेत का? त्यांना भाव जास्त आहे."

आता मी ट्रायल वितळवतो.