काजळ लावलेलं काडतूस

२००४ सालच्या पानगळीत मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायजवळ एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याच्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होते. मेकॅनिकलमध्ये एमएस करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही बोलण्याआधी आपलं चुकत तर नाही ना, हे मनात घोळवत बसायची सवय. घरमालकांना नावाने हाक मारायला जीभ वळेना. शेवटी त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणू लागले. दोघांनाही ते आवडलं.

काका दर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला जात, आणि रायफलची काडतुसं तळघरात स्वतः भरत. वापरलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाची नळी, पुन्हा आकारात आणायची, तिच्या बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी लावायची, बंदुकीची दारू भरायची आणि तोंडाशी गोळी दाबून बसवायची. त्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर भरलेलं एकही काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या खोबणीत, पूर्ण बसेना, आणि ती बंद करणारा बोल्ट मिटेना. नेमबाजीच्या रेंजवरून ते तसेच परत आले.

"आधी डोळे, आता हात," ते जेवताना म्हणाले. "रायफल पुतण्याला देऊन टाकतो."

"टाक देऊन. निदान नोव्हेंबरात घरात तरी सापडशील," काकू म्हणाल्या. पण म्हणता म्हणता त्यांनी काकांच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

मला राहवेना. "काका, मी एकदा बघू का?"

भरलेलं काडतूस घरात रायफलीत घालायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. म्हणून आधी नुकतीच आकारात आणलेली रिकामी केस घातली. बोल्ट सहज मिटला. मग टोपी आणि दारूशिवाय नुसती गोळी बसवून एक नकली काडतूस बनवलं. बोल्ट अडला. म्हणजे घोटाळा गोळी बसवतानाच होत होता.

"पण लांबी मी प्रत्येकाची मोजतो," काका म्हणाले. ती बरोबरच होती.

भारतात आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन तुकडे कुठे घासतात ते बघायला निळा रंग लावत. त्याचा डबा कायम रिकामा असायचा, म्हणून आम्ही मुली काजळ लावायचो. मी वर जाऊन आईने दिलेली डबी आणली. "हे हसण्यासारखं वाटेल..." म्हणत नकली काडतुसावर काजळाचा पातळ हात दिला. काकांनी ते चेंबरमध्ये दाबून बाहेर काढलं. गोळीवरचं काजळ शाबूत होतं. केस जिथे मानेकडे निमुळती होते, त्या खांद्यावर मात्र पितळ चमकत होतं.

"खांदा फुगलाय," काका पुटपुटले. त्यांनी काडतुसं भरायच्या प्रेसकडे, तिच्यात आट्यांनी बसवलेल्या डायकडे पाहिलं. "ही गोळी बसवायची डाय एवढी खाली कोणी नेली?"

"ती होय?" जिन्यावरून काकू म्हणाल्या. "तू दवाखान्यात होतास तेव्हा धूळ पुसली मी. सैल वाटली, घट्ट बसवली."

"बरणीचं झाकण आहे का ते!"

"मग झाकणासारखं दिसतं कशाला?"

खाली गेलेली डाय केसचं तोंडही दाबत होती, म्हणून खांदा फुगत होता. काकांनी मात्र डायच्या माथ्यावरचा स्क्रू फिरवून गोळीची लांबी जुळवून घेतली होती. त्यामुळे मोजताना काही खटकलंच नव्हतं.

त्यांनी डाय वर घेतली, स्क्रू पुन्हा जुळवला, चेंबर पुसला आणि नवं नकली काडतूस घातलं. बोल्ट अलगद मिटला. काका स्टुलावर बसले आणि काजळ लागलेल्या बोटांनी डोळे, गाल पुसत हसू लागले. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं. अडलेली सगळी काडतुसं आता सोडवून पुन्हा भरावी लागणार होती, पण त्या कामाबद्दल ते लग्नाच्या तयारीसारखं बोलत होते.

"पुतण्याला फोन नाही ना केलास?" काकूंनी विचारलं.

"उद्या करणार होतो."

"नको करूस. आणि ते गालावरचं काळं पूस."

"राहू दे काकू," मी म्हटलं. "दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे असंच लावतात."

"मग निघायच्या दिवशीही लाव," काका म्हणाले.

शिकारीला निघताना ते खरंच माझ्यासमोर गाल पुढे करून उभे राहिले.