अमरावतीच्या धर्मशाळेतला तो ओटा

बापूसाहेब गेले. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सकाळपासून सगळ्यांच्या पोस्टमध्ये ते देवमाणूस झालेत. आयुष्यभर अमरावतीच्या त्या धर्मशाळेचे मॅनेजर होते, अकोल्याकडून आलेल्या कोणालाही स्वस्तात खोली द्यायचे. खरं आहे.

आम्हालाही दिली होती.

माझी सुमी तेव्हा बारा वर्षांची. खेड्यात वाढलेली, मोठं शहर कधी पाहिलंच नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन दिवस अमरावती दाखवायचं ठरलं. अंबादेवीचं दर्शन, वडाळीचा तलाव, एक पिक्चर. लॉज आम्हाला परवडणारा नव्हता.

धर्मशाळा जुनी. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या काळात कोणा शेठने बांधलेली. दारावरच्या दगडात कोरलंय, कोणाही वाटसरूस येथे मुक्काम मिळावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात निघताना सुमीने माझा पदर ओढला.

तिची पहिलीच पाळी.

गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? पण मी पोथी वाचणारी बाई. धर्माची वास्तू बाटायला नको, म्हणून स्वतःच ऑफिसात गेले.

"बापूसाहेब, पोरीले बाजूले बसवा लागते. एखादी कोपऱ्यातली खोली द्या जी."

"खोली? अन् मंग धुवायले कोन येईन, तुमी? बाहीरच्या ओट्यावर बसवा."

"ओटा तं रस्त्यावर हाये."

"मंग? लोकायले समजलं पाह्यजे."

आणि चौकात उभे राहून ओरडले, "ओ बाया हो, ओट्याकून जाऊ नका! ते पोरगी बसली हाये!"

समोर चहाची टपरी होती. तिथली सगळी माणसं वळून बघायला लागली.

सुमीने ओढणी तोंडावर घेतली. दोन दिवस काढली नाही.

मॅट्रिक झालेली मी. तो दगड रोज वाचत होते. त्यांना एकदाही वाचून दाखवला नाही.

आमचे हे म्हणाले, "चाल, घरी जाऊ."

मीच म्हटलं, "यष्टीत कोनाकोनाले शिवन ते? विटाळ होईन."

आणि मी दर्शन करून आले. प्रसाद आणला. तो सुमीला दिला नाही.

आज दुपारी तिला फोन करून सांगितलं, तो माणूस गेला. वाटलं, तिलाही जरा बरं वाटेल.

"कोन बापूसाहेब?" ती म्हणाली. "मले तं त्याचं तोंडही आठवत नाही, आई. मले तू आठवतं. नवी साडी नेसून देवळात चालली होती. माह्याकडे पाह्यलंबी नाही."

फोन तिनेच ठेवला.

बापूसाहेब, इतकी वर्षं सगळं तुमच्या माथी मारून मी मोकळी होत होते. आता तीही सोय राहिली नाही.

जा तुम्ही. माझ्याकडून फूल नाही, हात जोडणं नाही.